बटण दाबलेलं राहिलं

९ नोव्हेंबर, रविवार. आज लांजेवार सरांच्या गच्चीवरून अँटेनाचा खांब उतरवला.

सर दिवाळीनंतर गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. नंदनवन वस्तीतलं घर आता विकायचं आहे आणि घेणाऱ्याला गच्ची मोकळी हवी आहे. आमच्या हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांच्या क्लबात कोणी गेलं की त्याचा खांब क्लबच्याच लोकांनी उतरवायचा, अशी रीत आहे. घरच्यांना ते जमत नाही. ताणाच्या तारा चुकीच्या क्रमानं सोडल्या तर अख्खा लोखंडी पाइप शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर जातो. दुसरी रीत पुढच्या सकाळची. रोज सकाळी सातला आमचं नेट असतं, म्हणजे सगळ्यांनी सेट लावून एकाच फ्रिक्वेन्सीवर यायचं आणि नेट घेणाऱ्यानं एकेकाला हाक मारायची. खांब उतरला की दुसऱ्या दिवशीच्या नेटवर गेलेल्याचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सेटचं नाव, तीनदा पुकारायचा. मग एक मिनिट कोणीही बोलायचं बटण दाबायचं नाही. त्यानंतर नाव यादीतून काढायचं. उद्याचं नेट माझ्याकडे आहे.

खांब उतरवायला पांडेजी आले, सलीमभाई आले. मेश्राम आला नाही. त्यानं सकाळीच फोन केला होता. "ताई, त्या माणसाचा खांब मी नाही उतरवत. अन् उद्या तुम्ही त्यायच्यासाठी मिनिट पाळणार असान, तर मी सेट लावतच नाही."

तारा सोडत होतो तेव्हा सरांची मुलगी वैशाली गच्चीच्या दारात उभी होती. ती रायपूरला असते. ती म्हणाली, "नंदाताई, एक विचारू? बाबा कसे होते?"

माझ्या हातात पाना होता. म्हटलं, खांब खाली येऊ दे, मग सांगते. खांब खाली आला, पांडेजींनी तारांची वेटोळी केली, आम्ही चहा प्यायलो, तरी मला सांगता आलं नाही. ती रात्रभर सरांच्याच घरी आहे आणि उद्या दुपारच्या गाडीनं जाणार. तिला काय सांगायचं आणि उद्या नेटवर काय करायचं, हे एकच काम आहे. म्हणून लिहायला बसले आहे.

लकडगंजमध्ये आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सर तिथे पाइप घ्यायला आले, तीच पहिली ओळख. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, पायात मात्र रबरी चप्पल. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी विचारलं, "किती फूट?" ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू कमी येतं. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "ऐकू आलं वं. मी जागा सोडून राहिलो होतो."

"कशाची जागा?"

"बोलणं झालं की क्षणभर थांबायचं. रेडिओवर एक जण बटण दाबून असला की दुसऱ्याले बोलता येत नाही. मग कोणी अडचणीत असला तर त्यानं मधात शिरायचं कुठून?"

ही सवय त्यांना घरी, दारी, किराणा दुकानात, सगळीकडे होती. भाजीवाली भाव सांगायची आणि सर थांबायचे. तिला वाटायचं गिऱ्हाईक घासाघीस करणार, म्हणून ती आपणहून भाव उतरवायची. सर मग पहिलाच भाव द्यायचे.

क्लॅम्प आणि नटबोल्ट नेता नेता त्यांनी मला परवान्याच्या परीक्षेला बसवलं. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, सासूबाई अंथरुणावर होत्या, दोन्ही मुलींचं शिक्षण चालू होतं. मी म्हटलं, "सर, हे मले कशाले पाहिजे?" ते म्हणाले, "दिवसभर गिऱ्हाईक तुले विचारतात तेवढंच तू बोलतेस. अर्धा तास आपल्या मनानं बोल." मी परीक्षेला बसले.

रविवारी दुपारी त्यांच्या वरच्या खोलीत वर्ग असायचा. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, सगळ्यांना पोहे द्यायच्या आणि जिन्यात बसून ऐकायच्या. काकूंना सर्किटमधलं काही कळत नव्हतं, पण कोणाला येत नाही ते बरोबर कळायचं. त्याच्या पोह्यांवर चण्याची तर्री जास्त पडायची.

सर वर्गात नियम पाठ करून घेत. त्यातला एक त्यांचा फार आवडता होता. आपल्यासाठी नसलेलं बोलणं सेटवर कानावर पडलं, तर ते कोणाला सांगायचं नाही. सर म्हणायचे, "कानावर पडलं तरी ऐकलं नाही. विषय संपला." परवान्यातही तसं लिहिलेलं आहे, पण सरांनी त्याचं पार सोवळं केलं होतं. मेश्राम रेल्वेत कारकून आहे, जीभ सैल. एकदा क्लबातला एक जण सेटवर आपल्या भावाला सांगत होता की गांधीबागेतलं कापडाचं दुकान बुडीत निघालं. मेश्रामनं ते ऐकलं आणि पानठेल्यावर सांगितलं. सरांना कळलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नेटवर मेश्रामचं नाव आलं की सर सरळ पुढच्या नावावर जायचे. मेश्राम बटण दाबून "सर, मी हजर आहे" म्हणायचा, आणि सर म्हणायचे, "पुढे." महिनाभर हे चाललं. शेवटी मेश्राम त्या दुकानदाराच्या घरी जाऊन माफी मागून आला. सरांना हे कोणी सांगितलं ठाऊक नाही, पण दुसऱ्या सकाळी त्यांनी मेश्रामला नेहमीसारखी हाक मारली.

सर नेटवर बोलत ते शुद्ध मराठी. घरचं 'मले-तुले' तिथे नाही. आवाज सपाट, घाई नाही, चिडणं नाही. पांडेजी अडखळत बोलतात. एक वाक्य पूर्ण व्हायला त्यांना वेळ लागतो. दुसऱ्या कोणी नेट घेतलं की त्यांचं वाक्य तोच पूर्ण करून टाकायचा. सरांनी कधी केलं नाही. पांडेजी म्हणतात, "मेरी बीवी भी इतना नहीं रुकती."

नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं त्या सकाळी मोबाइल बंद पडले होते. सर गच्चीवर बॅटरी लावून बसले आणि आमचे निरोप इकडून तिकडे देत राहिले. माझ्या दुकानात गुडघाभर पाणी होतं आणि मी खिळ्यांची पोती उचलत होते. मी सेटवर ओरडले, "सर, माल चालला माझा." ते म्हणाले, "आधी मेन स्विच बंद करा. मग मालाचं सांगा." मी बंद केला. नाहीतर मी करंट लागून मेले असते, हे मला दुपारी कळलं. तोच आवाज त्यांनी संध्याकाळपर्यंत लावून धरला. कोणाची आई छतावर आहे, कोणाला इन्सुलिन पाहिजे, सगळ्यांना एकाच आवाजात. त्या दिवशी सगळ्या क्लबला वाटलं, हा माणूस दगडाचा आहे आणि आपलं भाग्य आहे. मलाही वाटलं.

काकूंचं बिघडत गेलं ते हळूहळू. प्रथम पोह्यात मिठाऐवजी साखर पडली, आम्ही हसलो. मग त्या एकदा भाजी आणायला गेल्या त्या पार लांब भंडारा रोडवर सापडल्या. सर नेटवर सांगायचे, "घरी सर्व कुशल." वर्ग बंद झाला. सरांनी वरच्या खोलीतला सेट खाली झोपायच्या खोलीत आणला, काकूंच्या खाटेशेजारी. कोणी विचारलं तर म्हणायचे, जिने चढवत नाहीत. मी दोनदा डबा घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी दारातच घेतला. मी म्हटलं, "एखादी बाई ठेवा ना जी कामाले. मी पाहून देतो." ते म्हणाले, "माह्या बायकोले मीच पाहीन." वैशालीनं आईला रायपूरला न्यायचं म्हटलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, असं ती आज म्हणाली.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमचा रिपीटर दुरुस्तीला गेला होता. रिपीटर म्हणजे टेकडीवर ठेवलेलं यंत्र, सगळ्यांचा आवाज उचलून पुढे फेकणारं. कोणाचं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर ते थोड्या वेळात आवाज तोडून टाकतं. ते नव्हतं म्हणून आम्ही थेट बोलत होतो, आणि तोडणारं काही नव्हतं.

सरांनी नेट संपवलं. सगळ्यांना नमस्कार केला. मी ओट्यावर सेट ठेवून पोळ्या लाटत होते. बंद करायला हात पुढे केला तर कोणी बोलत असल्याचा हिरवा दिवा पुन्हा लागला. सरांनी माइक कुठेतरी ठेवला आणि त्याचं बटण कशाखाली तरी दाबलं गेलं. हे सगळ्यांचं कधी ना कधी होतं. कोणाची आरती ऐकू येते, कोणाचं दात घासणं.

आधी खुर्ची सरकली. मग काकूंचा आवाज आला, अगदी जवळून. "भाऊ, मले घरी पोचवून द्या ना. माह्ये मालक वाट पाहून राहिले."

"मीच तुहा मालक व्हय. किती खेप सांगू?"

"नाही जी. ते टेलिफोनात आहेत."

मग चापट बसल्याचा आवाज. मग आणखी एक. सर बोलत होते, पण तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "पुन्हा ओलं केलं. पुन्हा. आत्ताच बदललं होतं ना? मर ना एकदाची. मरत काहून नाही वं तू?" काकू रडत नव्हत्या. त्या विनवत होत्या. "मारू नका भाऊ. मी पोळ्या करतो तुमच्यासाठी. बांधू नका, मी कुठंच नाही जात." कापड ओढल्याचा आवाज आला.

मी फोन लावला. नेटच्या वेळी ते फोन बंद ठेवत, तो बंदच होता. सेटवर हाक मारून उपयोग नव्हता, कारण बटण दाबलेला सेट ऐकत नाही, फक्त बोलतो. मी गॅस बंद केला आणि स्कूटरची किल्ली शोधली. तेवढ्यात दिवा विझला. त्यांच्या लक्षात आलं होतं. थोड्या वेळानं सर सेटवर आले. मराठी पुन्हा शुद्ध झालेलं.

"फ्रिक्वेन्सीवर कोणी आहे का? कोणी ऐकत आहे का?"

दहा मिनिटांपूर्वी नेटवर पंधरा-सोळा जण होते. एकही बोलला नाही.

सरांनी पुन्हा विचारलं. "कोणी ऐकत होतं का?"

मी बटण दाबलं. "मी ऐकत होते, सर. मी येऊन राहिली. दार लावू नका."

मी पोचले तेव्हा दार उघडं होतं. काकू खाटेला बांधलेल्या होत्या, जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीनं, सैल गाठ मारून. गालावर बोटं उमटली होती आणि दंडावर जुना, पिवळा पडलेला वळ होता. सर सेटसमोर बसले होते. मला पाहून पहिलं विचारलं, "आणखी कोण कोण होतं?"

"ते मागून. गरम पाणी कुठाय?"

मी काकूंना सोडलं, पुसलं, कोरडं नेसवलं. त्यांनी मला आई म्हटलं. मी हो म्हटलं. सर भिंतीकडे तोंड करून बसून होते. मी बाहेर आले तेव्हा म्हणाले, "सात ते साडेसात मी चांगला माणूस असतो, नंदा. बाकीच्या दिवसाचं मले काही सांगता येत नाही."

"रोज बांधता?"

"नेटच्या वेळी. नाही तर ती बाहेर जाते."

"अन् मारता रोज?"

त्यांनी सेट बंद केला.

मी त्यांच्यासमोरच वैशालीला फोन लावला. ते म्हणाले, "तिले नको सांगू. ती घेऊन जाईल. मग मी इथं करू काय?" मी म्हटलं, "ते तुम्ही पाहा. काकू इथं नाही राहत." जे ऐकलं ते मी वैशालीला ऐकलं तसं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी येऊन आईला घेऊन गेली. बापाशी एक शब्द बोलली नाही.

क्लबात काय झालं, तर काही झालं नाही. सर नेटवर यायचे थांबले, आणि आम्ही वारानुसार नेट वाटून घेतलं. त्या सकाळचा विषय कोणी काढला नाही. मी एकेकाला विचारलं. पांडेजी म्हणाले, "मैंने तो सेट उसी वक्त बंद कर दिया था." सलीमभाईंच्या बॅटरीला काहीतरी झालं होतं. मेश्राम म्हणाला, "मी तर आंघोळीले गेलतो, ताई." सगळ्यांना सरांचा नियम अगदी तोंडपाठ होता. आज मेश्रामचा फोन आला तेव्हा मनात आलं, आंघोळीला गेलेल्या माणसाला एवढा राग कुठून आला?

उन्हाळ्यात सर दुकानात आले. वजन उतरलं होतं, शर्ट मात्र इस्त्रीचाच. काउंटरपाशी उभे राहिले, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "वैशाली माहा फोन नाही उचलत. तू रिले करशील का?"

रिले म्हणजे, दोन स्टेशनं एकमेकांना ऐकू येत नसली तर मधल्यानं निरोप पोचवायचा. त्यात आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. मी हो म्हटलं. माझं मत वेगळं होतं, पण त्यांनी मत मागितलं नव्हतं.

तेव्हापासून ते दर शनिवारी यायचे. प्रश्न ठरलेले. सुमन जेवते का? झोपते का? मी वैशालीला विचारायची आणि पुढच्या शनिवारी सांगायची. जेवते. रात्री एकदा उठते. ते म्हणायचे, "निरोप मिळाला," आणि जायचे. वैशालीनं उलट कधी काही विचारलं नाही. एकदा दाराशी जाऊन ते परत वळले. "माह्यं नाव घेते का, तेवढं विचार." मी विचारलं. वैशाली म्हणाली, नाही घेत. पुढच्या शनिवारी मी तेच सांगितलं, "नाही घेत."

"निरोप मिळाला," सर म्हणाले.

त्यानंतरही ते येत राहिले. दसऱ्याच्या आधीचा शनिवार शेवटचा. बाहेर ट्रकमधून सागाचे ओंडके उतरवत होते, रस्ता अडला होता. सर पलीकडे फुटपाथवर उभे राहिले. हमाल ओरडत होते, बाजूनं लोक घुसून निघत होते, आणि हे एकटे उभे, ओंडके संपायची वाट पाहत. मी हातानंच खूण केली, जेवते, झोपते. त्यांनी हात वर केला, आणि रस्ता मोकळा व्हायच्या आतच मागे वळून निघून गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार. पावणेसातला वैशालीला घरी बोलावून घेतलं. तिला चहा दिला आणि काल लिहिलेलं वाचायला दिलं. तिनं वाचून कागद घडी करून ठेवले. सातला मी सेट लावला. म्हटलं, "आज लांजेवार सरांचं नाव शेवटचं पुकारायचं आहे. आपण सगळे त्यांच्याकडून बोलायला शिकलो. जानेवारीत एका सकाळी ते सुमनकाकूंना मारत होते आणि ते मी ऐकलं. दोन्ही खरं आहे. त्यांची मुलगी माझ्याशेजारी बसली आहे." मग कॉलसाइन तीनदा पुकारला आणि बटण सोडलं.

मिनिट अजून पुरं व्हायचं होतं. कोणीतरी बटण दाबलं. मेश्राम होता.

"ताई, मी आंघोळीले नव्हतो गेलो. मी शेवटपर्यंत ऐकून राहिलो होतो."

त्याच्यामागून पांडेजी आले. अडखळत होते, मी मध्ये बोलले नाही. "मैं... मैं भी था." आणखी कोणी आलं नाही.

वैशालीनं सेटकडे पाहिलं. "म्हणजे बाबांनी दोनदा विचारलं, अन् तुम्ही सोडून कोणीच उत्तर नाही दिलं त्यायले?"

"नाही दिलं."

ती रडायला लागली. तिला रुमाल दिला, सरांचं नाव खोडलं आणि यादीतल्या पुढच्याला हाक मारली.